पेवेकर सर सांगतात, मुलं लिहितात

रत्नागिरीतल्या त्या कॉलेजात समाजशास्त्र घेतलेल्या कुठल्याही पोराला विचारा, पेवेकर सर कसे शिकवतात, तर ते आधी तोंडावर हात ठेवून हसेल. मग म्हणेल, "शिकवतात? पेवेकर सर? छे ओ! सर सांगतात, आपण लिहून घ्यायचं." गेली सव्वीस वर्षं हेच उत्तर. काळ्या फळ्याचा पांढरा बोर्ड झाला, फाटकासमोरचा वडापाववाला थकला आणि त्याचा मुलगा गाडीवर उभा राहिला. उत्तर तेच.

गुरुप्रसाद पेवेकर. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं पेवे. उंची बेताची, केस काळे केलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि काखेत एक फाईल. फाईल एकेकाळी हिरवी होती म्हणतात. आतले कागद सरांच्याच हातचे, पण अक्कल त्यांची नव्हे. कोल्हापूरला एम.ए. करताना त्यांच्या सरांनी जे सांगितलं ते त्यांनी उतरवून घेतलं, आणि नोकरी लागल्यावर तेच कागद उघडून पुढे सांगायला सुरुवात केली. मधल्या काळात देशात काय काय झालं, कोकणात रेल्वे आली, घराघरात मोबाईल आले, पण त्या फाईलला त्याची खबर नव्हती.

सर स्वल्पविरामासकट सांगायचे. "कुटुंब ही समाजाची मूलभूत संस्था आहे, पूर्णविराम. पंखा एकवर कर रे. कुटुंबाचे प्रकार पुढीलप्रमाणे, दोन टिंबं." पोरं सगळं उतरवायची, पंख्यासकट. मान वर केली की सर वही बघायला यायचे, आणि वहीला पाच गुण होते. तेव्हा ऐकायच्या भानगडीत कोण पडतो? कानापासून मनगटापर्यंत सरळ रस्ता पडला होता, वाटेत डोकं लागत नव्हतं. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात नुसतं "पेवेकर द्या" म्हटलं की एक बाड समोर यायचं, त्यात कुटुंबाच्या प्रकारांच्या आधी तो पंखा अजून फिरतोय. एका पठ्ठ्याने वार्षिक परीक्षेत तसंच लिहिलं. सरांनी त्याला दहापैकी आठ दिले. पेपर वाचायचा नसतो, पानं बघायची असतात, हा सरांचा अनुभव.

आणि सरांचं स्वतःबद्दलचं मत विचाराल, तर ते आभाळाला टेकलेलं. "माझ्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते," असं ते स्टाफरूममध्ये दरवर्षी नव्या लोकांना सांगत. खरंच होतं ते. वर्गात अर्धे लिहीत असायचे, उरलेले लिहिता लिहिता डुलक्या काढत असायचे, आवाज करायचा कोणी? या शांततेला सर शिस्त म्हणत. मुलांना मात्र ते काडीची किंमत देत नसत. "कसली पोरं येतात हो हल्ली! कोणाची आय मासळी विकते, कोणाचा बापूस मुंबईला वॉचमन. कॉमर्सला नाही मिळाली सीट म्हणून आपल्याकडे. दगडावर पाणी ओतायचं झालं." असं म्हणून ते दुसऱ्याच्या डब्यातली भाजी वाटीत घ्यायचे. त्यांचे स्वतःचे वडील गिरगावात एका चाळीत वॉचमन होते, हे त्यांनी रत्नागिरीत कोणाला सांगितलं नव्हतं.

सरांचा खरा जीव रत्नागिरीजवळच्या नाचणे गावातल्या बारा कलमांत. सासऱ्यांकडून आलेली हापूसची बाग. मोहर कधी धरला, तुडतुडे कधी पडले, कुठल्या झाडाचं फळ आतून साक्यानं खराब निघतं, हे ते न बघता सांगत, आणि त्या वेळी त्यांच्या तोंडात स्वल्पविराम येत नसे. बागेच्या राखणदाराचा फोन आला की ते वर्ग चालू असतानाच घेत. समाजशास्त्र एका हाताला आणि फोन दुसऱ्या हाताला.

वर्गात प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. सव्वीस वर्षांत एकदाच कोणी विचारला, तो रुचिराने, गेल्या भाद्रपदात. रुचिरा मिरकरवाड्याची. तिची आई आवडाबाई मासळी बाजारात टोपली घेऊन बसते आणि भल्याभल्या गिऱ्हाइकांना गप्प करते. पोरीने तो गुण घेतलेला. सर सांगत होते, "ग्रामीण समाज हा स्थिर असतो. त्यात स्थलांतराचे प्रमाण अल्प असते." रुचिराने हात वर केला.

"काय गो? पेन संपलं?"

"नाही सर. अल्प कसं म्हणता? ज्यांचे बाबा किंवा भाऊ मुंबईला आहेत त्यांनी हात वर करा म्हणू का?"

आणि सरांनी हो-नाही म्हणायच्या आतच हात वर झाले. अठ्ठेचाळीस पोरांचा वर्ग, एकतीस हात. मागच्या बाकावरच्या गौरवने तर दोन्ही हात वर केले, बाप आणि भाऊ दोघेही तिकडे म्हणून. सर त्या हातांकडे बघत राहिले. ज्या पेव्यात गणपतीला मुंबईची माणसं आली तरच रांगोळी पडते, तिथला हा माणूस. त्याने काय म्हणावं?

"परीक्षेत हे लिहिलंस तर शून्य देईन. नोट्समध्ये आहे ते लिही. हात खाली."

हात खाली आले, पेनं पुन्हा चालू झाली. त्या दिवसापासून रुचिराने सरांच्या तासाला मान वर करणंही सोडलं. तिने वर्गातल्या पोरींना सांगितलं, "जाऊ दे. ह्या माणसाला राग यायला पण आपण कोणीतरी असायला लागतं." सरांचा हिशेब वेगळा होता. पोरगी वठणीवर आली, असं ते समजले.

पुढच्या वर्षी सर साठ पूर्ण करून घरी बसणार. आणि इथेच त्यांचा काटा रुतलेला होता. अख्खं गाव, अख्खी भावकी त्यांना प्राध्यापक म्हणायची, पण कागदावर ते अजून सहयोगी प्राध्यापकच. वरच्या पदासाठी दोनदा मुलाखत झाली, दोनदा परत पाठवलं. आता ही शेवटची. त्यात घोळ असा, की दिवाळीत गावी गेले असताना ते पेव्याच्या मुंबईकरांच्या मंडळाच्या अध्यक्षांपुढे बोलून बसले, "झालंच समजा." मंडळवाले कशाला थांबतात? त्यांनी माघी गणेशोत्सवात सत्कार ठरवला, 'प्राध्यापकपदी निवड झाल्याबद्दल' अशी पत्रिका छापली आणि ती पेव्यातल्या घराघरात, मुंबईतल्या खोल्याखोल्यांत पोचलीसुद्धा. दीपालीवहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, कपाळाला हात लावला. "लग्नाआधी बारसं केलंत ना!" सर म्हणाले, तू काळजी करू नको. पण रात्रीचं जेवण त्यांना जात नव्हतं. आता पद मिळालं नाही तर भर मांडवात तोंड दाखवायला जागा नव्हती.

समिती जानेवारीत यायची होती. मुंबईहून विद्यापीठाच्या एक बाई, समाजशास्त्रातल्याच, आणि सोबत दोघे. या खेपेला त्यांना विद्यार्थ्यांची मतं हवी होती, आणि तीही हस्ताक्षरात. छापील फॉर्म आले. 'शिक्षकांच्या अध्यापनाबद्दल आपले मत स्वतःच्या शब्दांत लिहा,' आणि खाली दहा रेघा.

नियम असा की फॉर्म भरताना शिक्षक वर्गात नसावा. पण पेवेकर सरांना नियम कोण सांगणार? ते फॉर्मचा गठ्ठा घेऊन नेहमीसारखे वर्गात आले आणि म्हणाले, "मत लिहून घ्या."

बघा आता. पोरांनी पेनं उघडली.

"सरांचे अध्यापन अत्यंत प्रभावी असून, स्वल्पविराम, ते कठीण विषय सोप्या भाषेत समजावून सांगतात, पूर्णविराम. सर विद्यार्थ्यांशी मैत्रीपूर्ण वागतात आणि..." तेवढ्यात फोन वाजला. राखणदार. "हां बोल. अरे तुडतुडे पडलेत तर बघत काय बसलायस, उद्याच्या उद्या फवारणी घे. हां. हां, तर, आणि त्यांच्या शंकांचे निरसन करतात."

सरांनी सगळे फॉर्म गोळा केले, लिफाफ्यात घातले आणि लिफाफा चिकटवून ऑफिसात दिला. वाचायचं कशाला? आपणच सांगितलेलं, त्यात काय वाचायचं?

समितीच्या दिवशी सर नवा शर्ट घालून प्राचार्यांच्या खोलीत बसले. बाईंनी चष्मा लावून पहिला फॉर्म वाचला, दुसरा वाचला, मग पटापट दहा-बारा उलटले. कपाळाला आठी पडली.

"पेवेकर सर, हे जरा मला समजावून सांगा. 'सर विद्यार्थ्यांशी मैत्रीपूर्ण वागतात आणि तुडतुडे पडलेत तर बघत काय बसलायस, उद्याच्या उद्या फवारणी घे आणि त्यांच्या शंकांचे निरसन करतात.'"

प्राचार्यांना ठसका लागला. सर म्हणाले, "एखाद्याने चावटपणा केला असेल, मॅडम."

"एखाद्याने? सेहेचाळीस फॉर्ममध्ये आहे हे. एकाच शब्दांत."

पुढे कॉलेजात यावर बरेच दिवस वाद चालला, की पोरांनी ते मुद्दाम केलं का. मुद्दाम केलं असतं तर आनंदच होता. तेवढी तरी चमक दिसली असती. पण गौरवला विचारलं तेव्हा तो बापडा म्हणाला, "मुद्दाम कशाला? सर बोलले ते लिहिलं." त्याला स्वतःला माहीतच नव्हतं आपण काय लिहिलं ते. दोन फॉर्म तेवढे वेगळे निघाले. एकात पोराला झोप लागल्यामुळे वाक्य 'प्रभावी असून' इथेच थांबलं होतं, आणि रुचिराचा फॉर्म कोरा होता.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सरांना उत्तर सुचलं असतं. त्या उठल्या, ऑफिसातून कोऱ्या कागदांचा गठ्ठा मागवला आणि म्हणाल्या, "मी स्वतः वर्गावर जाते. तुम्ही बाहेर थांबा."

सर व्हरांड्यात उभे राहिले. बंद दाराला कान लावून. शिपाई बाबल्या पाण्याचे ग्लास घेऊन चालला होता, तो बघून थबकला. "काय ओ सर, आत घेतलानी नाय?" सरांनी त्याला हाताने हाकललं.

आत बाई बोलत होत्या. "सरांबद्दल चांगलंच लिहा, वाईटच लिहा, असं काही नाही. तीन वर्षांत समाजशास्त्रातलं जे काही एक तुमच्या लक्षात राहिलं ते तुमच्या शब्दांत लिहा. पाच ओळी चालतील. नाव घालू नका, रोल नंबर पुरे."

मग काही आवाज नाही. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. सरांना वाटलं, लिहितायत. मिनिट गेलं, दोन गेली. मग गौरवचा आवाज आला. अगदी अदबीने, मदत मागावी तसा.

"मॅडम, तुम्ही सांगा ना. आम्ही लिहितो."

कोणी हसलं नाही. हेच भयंकर होतं. एक जण जरी फिदीफिदी हसला असता तर सरांना दार उघडून त्याच्या कानाखाली आवाज काढता आला असता. पण वर्गाला तो प्रश्न रास्त वाटला होता. पन्नास मिनिटांनी बाई बाहेर आल्या, हातात कागद. सरांकडे न बघता म्हणाल्या, "या आत."

प्राचार्यांच्या खोलीत त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. कागद कोरे होते. पण कसे कोरे? प्रत्येक कागदाला डावीकडे समास दुमडलेला, वर उजव्या कोपऱ्यात रोल नंबर, मध्ये 'प्रश्न पहिला', त्याखाली पट्टीने दोन रेघा. आणि मग खाली पांढरं. सत्तेचाळीस कागद एका वळणाचे.

"समास फार व्यवस्थित सोडलेत मुलांनी," बाई म्हणाल्या.

"हो मॅडम. त्याच्यावर मी पहिल्या वर्षापासून भर देतो," सर म्हणाले. प्राचार्य खिडकीबाहेर बघू लागले. शब्द तोंडातून गेल्यावर सरांनाही कळलं, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"एका मुलीने मात्र लिहिलंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वेगळा ठेवलेला कागद वाचायला घेतला. "'सर वर्गात काय सांगतात ते वहीत आहे. मला त्यातलं काही आठवत नाही आणि आठवावं असं वाटत नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत बाणकोटला मावशीकडे जाताना एसटीत सर माझ्या शेजारी बसले. गाडी खेडच्या पुढे बंद पडली. सरांकडे फाईल नव्हती. त्यांनी दीड तास मला पेव्यातलं एकेक बंद घर सांगितलं. कोणाची किल्ली कोणाकडे असते, गणपतीला पहिलं दार कोण उघडतो, कोणाची माणसं आता येणार नाहीत आणि त्यांच्या अंगणातलं गवत तरीही कोण काढतं. मला वाटलं, हा माणूस वर्गात का येत नाही? सुट्टी संपल्यावर सर आले आणि परत फाईल उघडली.'"

सरांना तो प्रवास आठवला. वेळ जात नव्हता म्हणून बोलले होते. त्याला काय शिकवणं म्हणतात? त्या गजाली होत्या.

बाई पुढे वाकल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात ओलावा आला. "सर, सगळे कागद तुमच्या विरोधात आहेत, हे मी सांगायला नको. पण हे जर खरं असेल, तर तुमच्याकडे शिकवण्यासारखं आहे. हा कागद घ्या. तुमचं गाव, ती बंद घरं, त्या किल्ल्या. पाच ओळी लिहा, तुमच्या शब्दांत. मी तो माझ्या अहवालाला जोडते आणि शिफारस करते. माझी सही आज इथेच."

बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. प्राचार्यांनी स्वतः उठून सरांना पेन दिलं. एवढं सोपं करून कोणी कोणाला देत नाही. मांडव, हार, पत्रिकेवरचं नाव, सगळं पाच ओळींवर आलेलं, आणि त्या ओळी सरांना पाठ होत्या.

सरांच्या डोळ्यांपुढे पेव्यातली चिमाआते उभी राहिली. ऐंशी वर्षांची, पाठीत वाकलेली. अकरा घरांच्या किल्ल्या तिच्याकडे, एका सुतळीत ओवलेल्या. डोळ्यांनी दिसत नाही, पण हात फिरवून सांगते, ही खालच्या आळीची, ही वरच्या आळीतल्या काकांची. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पायरीवर बसते आणि एकेकाच्या हातात त्याची किल्ली ठेवते. आणि दोन किल्ल्या दरवर्षी सुतळीतच राहतात. हे सर कोणालाही सांगू शकले असते. राखणदाराला, एसटीतल्या परक्या माणसाला, अगदी बाबल्यालासुद्धा.

त्यांनी कागद पुढे ओढला. डावीकडे समास दुमडला. नखाने घडी पक्की केली. वर मध्यभागी लिहिलं, 'स्थलांतर : अर्थ, व्याख्या, कारणे व परिणाम.' खाली दोन रेघा मारल्या. मग 'एक' आकडा लिहून त्याला कंस केला आणि हात थांबला.

चिमाआतेला शास्त्रात काय म्हणतात? अर्थात घालायची की कारणांत? सुतळीचं काय करायचं? सरांनी पेन उचललं, टेकवलं, परत उचललं. घाम मानेवरून नव्या शर्टाच्या कॉलरमध्ये उतरला. ओठ हलत होते, पण कोणीतरी पहिला शब्द सांगावा म्हणून हलत होते. घड्याळ पुढे जात होतं.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "माझी फाईल बाहेर बाकावर आहे. जरा आणू का?"

"नको, सर."

आणखी दहा मिनिटं गेली. मग बाईंनी हात पुढे केला, सरांच्या बोटांखालून कागद हळूच काढून घेतला, एकदा बघितला आणि मुलांच्या गठ्ठ्यात सारला. रोल नंबर तेवढा नव्हता.